भुरी खार आणि न बोलणारी काजल : पहिलीच्या वर्गातलं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या शाळेतलं, दोन वर्षांपूर्वीचं. मुलीचं नाव बदललंय, तांड्याचं नाव, तालुका काहीच दिलेलं नाही, घरच्या दोन-तीन गोष्टीही मुद्दाम बदलल्यात. तिच्या आजीला आणि आईबापाला वाचून दाखवून, त्यांनी हो म्हटल्यावरच लिहिलंय. बाहुल्या म्हणजे नुसता टाइमपास असं ज्यांना वाटतं त्यांनी वाचावं असं आहेच, पण खरं तर मी हे लिहिलंय माझ्यासारख्या शिक्षकांसाठी, ज्यांना बाहुली हातात चढवली की लगेच पोराला बोलतं करायची घाई होते.

पार्श्वभूमी

शाळा जिल्हा परिषदेची, मराठवाड्यातली, पहिली ते चौथी आणि दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. मुलं सगळी बंजारा समाजातली, घरात गोरबोली आणि शाळेत मराठी. मी दुसऱ्या जिल्ह्यातली, गोरबोली मला तेव्हा येत नव्हती, याडी म्हणजे आई आणि बाटी म्हणजे भाकरी इतपतच.

तांड्यातले निम्म्याहून जास्त आईबाप ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता असं धरतात, दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रक येतो आणि मग मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या भागात कोपी, म्हणजे छोटी झोपडी, बांधून राहायचं. पूर्वी पोरं सोबतच जायची आणि शाळा सुटायची, आता हंगामी वसतिगृहाच्या योजनेमुळं बरीच मागं राहतात, आजी-आजोबांकडे झोपतात, जेवणाची सोय इकडं होते. शाळा सुटत नाही ही फार मोठी गोष्ट आहे हे मी दहा वेळा सांगेन. पण सहा वर्षांचं लेकरू पाच-सहा महिने आईशिवाय राहतं हेही तितकंच खरं, आणि ते कुठल्याच रजिस्टरला लागत नाही.

काजल जूनमध्ये पहिलीत आली. शांत होती पण बोलायची. हजेरीला 'हजर' म्हणायची, मैत्रिणीशी गोरबोलीत भांडायची, एकदा तर माझ्या टेबलावरचा खडू का संपला असं विचारायला आली होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय कारण पुढं याचाच उपयोग झाला.

काय बिघडलं

दिवाळीच्या आधी तिचे आईवडील गेले. त्यानंतर काजल शाळेत बोलायची बंद झाली. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, होतं असं, बाकीची पोरंही आठ दिवस उदास असतातच. पण पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले, हजेरीला मान सुद्धा वर करायची नाही. मैत्रिणीशी पण नाही. तहान लागली तरी सांगायची नाही, लघवीला जायचं असलं तरी उठायची नाही, दोनदा त्यावरून तिची फजिती झाली आणि पोरं हसली. वाचन मात्र येत होतं, मी शब्दपट्ट्या मांडल्या की बरोबर पट्टीवर बोट ठेवायची. आवाज नाही.

घरी गेले तर आजी म्हणाली, घरात बोलती की. शेळीशी बोलते, माझ्याशी बोलते, रात्री जास्तच बोलते. म्हणजे वाचा गेली नव्हती, शाळेच्या फाटकाशी थांबत होती.

आधी काय तपासलं

इथं पहिला निर्णय होता आणि तो मला सरांनी घ्यायला लावला, नाही तर मी थेट गोष्टी-गाणी सुरू केली असती. सर म्हणाले, आधी कान तपासा. शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना फोन केला, त्यांनी जिल्हा रुग्णालयात पाठवलं. कान चांगले. तिथल्या मानसशास्त्रज्ञ ताईंनी अर्धा-पाऊण तास आजीशी बोलून घेतलं आणि मला दोन गोष्टी विचारल्या, आईबाप जायच्या आधी ही मराठीत बोलायची का, आणि आपल्या भाषेत मैत्रिणींशी आता बोलते का.

हे प्रश्न का महत्त्वाचे ते मला नंतर कळलं. घरची भाषा वेगळी असलेलं मूल नव्या भाषेच्या वर्गात काही महिने गप्प राहू शकतं, ते ऐकत असतं, साठवत असतं, त्यात काही बिघडलेलं नसतं. पण ज्याला निवडक मौन म्हणतात ते वेगळं, मूल घरी बोलतं आणि शाळेत बोलूच शकत नाही, महिनाभराहून जास्त, आणि शाळेचा पहिला महिना त्यात धरायचा नाही, आणि भाषा येत नाही हे कारणही नसावं लागतं. 2013 पासून डॉक्टर लोक याला चिंतेच्या आजारांमध्ये धरतात. म्हणजे पोर हट्टी नाही, घाबरलेलं आहे. काजल आधी मराठीत बोलत होती आणि आता गोरबोलीत पण गप्प होती, त्यामुळं भाषेचं कारण पुरेसं नव्हतं. ताईंनी लगेच कुठलं लेबल लावलं नाही, म्हणाल्या आईबापापासून तुटल्याची भीती दिसते, दोन महिने बघू, तोवर एकच काम करा, तिला बोल म्हणू नका. कुणीच नाही. बोलली तर शाबासकीही नको.

हे शेवटचं मला त्या दिवशी पटलं नव्हतं. शाबासकी नको म्हणजे काय?

कोणते पर्याय होते

एक, काहीच करायचं नाही, मार्चमध्ये आई आली की बोलेल. आजीचं हेच म्हणणं होतं आणि ते मूर्खपणाचं नव्हतं, त्या बाईनं पाच पोरं अशीच वाढवली. पण तोवर वर्ष गेलं असतं आणि पुढच्या हंगामात परत तेच.

दुसरं, आईबापानं तिला कारखान्यावर घेऊन जाणं. वडील फोनवर तयार पण झाले होते, पण मग कोपीत दिवसभर एकटी आणि शाळा संपली.

तिसरं, दर आठवड्याला जिल्ह्याला नेणं. 60 किलोमीटर, एक बस, आजीचे गुडघे. महिन्यातून एकदा जमेल असं ठरलं आणि तेवढं आम्ही केलं.

चौथं म्हणजे वर्गातच काहीतरी. बाहुलीचं मला सुचलं ते केंद्रातल्या एका शिक्षिकेमुळं, त्या दिल्लीला सीसीआरटीत, म्हणजे शिक्षकांना कला-संस्कृतीचं प्रशिक्षण देणाऱ्या सरकारी केंद्रात, बाहुलीनाट्याचं प्रशिक्षण घेऊन आलेल्या. त्यांच्याकडे कळसूत्री बाहुली होती, सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर मंडळी करतात तशी, लाकडी, दोऱ्यांची. सुंदर होती पण त्याच म्हणाल्या, ही बघायची बाहुली आहे, तुला हातात घालायची बाहुली पाहिजे. दोरीची बाहुली नाचवणारा वर आणि मूल खाली, मध्ये अंतर. हातमोज्याची किंवा मोज्याची बाहुली मांडीवर बसते, मूल तिला हात लावू शकतं, स्वतःच्या हातात घालू शकतं. हा फरक ऐकायला साधा वाटतो, पण पुढचं सगळं त्यावरच चाललं.

पहिली बाहुली, आणि ती का परत आली

मी उत्साहानं एका रात्रीत मुलगी बनवली. कापडाचं डोकं, काळ्या लोकरीचे केस, लाल टिकली. नाव ठेवलं राणी. दुसऱ्या दिवशी वर्गात राणीनं सगळ्यांना नावं विचारली आणि काजलपाशी येऊन म्हणाली, "तुझं नाव काय गं?" काजलनं तोंड फिरवलं. मी (म्हणजे राणीनं) परत विचारलं. ती बाकाखाली गेली.

बाहुलीच्या तोंडून विचारला तरी प्रश्न हा प्रश्नच असतो, आणि त्या पोरीला महिनाभर सगळे तेच विचारत होते. मी फक्त विचारणारं आणखी एक तोंड वाढवलं होतं.

वर मी संध्याकाळी राणीला काजलबरोबर घरी पाठवलं. सकाळी आजी स्वतः घेऊन आली, फडक्यात गुंडाळून, आणि टेबलावर ठेवून म्हणाली, म्याडम, असली बाहुली घरात नको. मला आधी राग आला आणि मग लाज वाटली. आपल्याकडे दारावर काळी बाहुली टांगतात, करणीच्या गोष्टीत बाहुली असते, केसवाली, कापडाची, आणि जिचं सून-पोरगं दूर गेलंय त्या बाईच्या घरात मी अशी बाहुली न विचारता पाठवली होती. शिवाय तिसरीतल्या एका पोरानं मधल्या सुट्टीत राणीला हातात घालून तात्या विंचू केला. 1993 चा सिनेमा, पण टीव्हीवर अजून लागतो आणि पोरांना पाठ आहे, त्यामुळं पहिलीतली दोघं-तिघं रडली. माणसासारखी बाहुली लहान पोरांना गोड वाटेलच असं नाही हे मला तेव्हा कळलं.

राणी कपाटात गेली.

भुरी

दुसऱ्या खेपेला मी आधी आजीला विचारलं, काय करू, कोण चालेल घरात? आजी म्हणाली खार कर, खारुटी चांगली, कुणाचं वाईट करत नाही. मग शाळेचा जुना राखाडी मोजा घेतला, पाठीवर पांढऱ्या दोऱ्यानं पट्टे घातले, शर्टाची दोन काळी बटणं डोळ्यांना, आत टाचेच्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा दुमडून तोंड. नाव पोरांनीच ठेवलं, भुरी.

भुरीला मी तीन गोष्टी ठरवून दिल्या. ती माणसांशी बोलत नाही, फक्त माझ्या कानात कुजबुजते आणि मी ते सांगते. तिला मराठी धड येत नाही. आणि ती घाबरट आहे, पिशवीतून एकदम बाहेर येत नाही, आधी नाक, मग एक डोळा.

पहिल्या आठवड्यात भुरी काजलकडे गेलीच नाही. फक्त वर्गात यायची, चुकायची आणि पिशवीत जायची. एक-दोन-चार असं मोजायची, आणि सगळी पहिली ओरडायची "तीन! तीन!" क आणि फ मध्ये गोंधळायची. ज्या पोरांना मी विचारल्यावर उत्तर येत नाही तीच पोरं भुरीला शिकवायला पुढं यायची, कारण भुरीपेक्षा त्यांना जास्त येत होतं. वर्गात कायम आपल्यालाच कमी येतं असं वाटणाऱ्या पोराला आपल्याहून कमी येणारा कुणीतरी भेटणं ही काय चीज आहे ते प्रत्यक्ष बघायला पाहिजे. गोरबोलीत पण तसंच, भुरी बोलायची म्हणजे मीच बोलायचे आणि शब्द वाकडे व्हायचे, मग पोरं मला दुरुस्त करायची. त्या महिन्यात माझी गोरबोली सुधारली आणि पोरांचं मराठी, कारण भुरीला सांगताना ती दोन्ही भाषा वापरायची.

थोडं हाताचं सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. बाहुली बोलते तेव्हा वरची चार बोटं उचलायची नाहीत, अंगठा खाली पाडायचा, नाही तर ती दर शब्दाला आकाशाकडे बघते. आपण मुलाकडे न बघता बाहुलीकडे बघायचं, मग मूलही बाहुलीकडेच बघतं आणि त्याच्यावरची आपली नजर हटते, घाबरलेल्या पोराला याचाच मोठा आराम असतो. बाहुलीनं काही म्हटल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं, मी आधी तीनवरच पुढं जायचे. आणि बाहुली मुलांसमोर टेबलावर आडवी टाकायची नाही, ती मेल्यासारखी दिसते. पिशवीत झोपवायची.

नवव्या का दहाव्या दिवशी भुरी परत एक-दोन-चार म्हणाली, पोरं ओरडली, आणि मागच्या बाकावर काजलनं तीन बोटं वर केली. आवाज नाही, नुसती तीन बोटं. माझा जीव नुसता वर आला होता पण ताईंचं आठवलं आणि मी काहीच बोलले नाही, भुरीनं तीन बोटांकडे बघितलं आणि नीट मोजलं, झालं.

त्यानंतर मधल्या सुट्टीत मी पिशवी काजलच्या बाकाजवळ उघडी ठेवायला लागले आणि स्वतः खिचडी वाढायला जायचे. कपाटामागच्या कोपऱ्यात ती भुरीला घेऊन बसायची. एकदा मी दारातून ऐकलं, अगदी बारीक, "बाटी." ती भुरीला पानाची भाकरी भरवत होती. साडेसहा आठवड्यांनी शाळेत आलेला तो पहिला शब्द.

ट्रकचा खेळ

मग एक खेळ सुरू झाला आणि तो आठ-दहा दिवस रोज तसाच चालला. भुरी झोपलेली. खडूचा रिकामा डबा भुर्र करत यायचा, थांबायचा, जायचा. मग भुरी उठायची आणि सगळीकडे शोधायची. मग परत झोपायची. परत डबा.

मी रात्री आईला फोन लावला. आई म्हणाली, होय म्याडम, ट्रक रात्री आला होता, ती झोपली होती, उठवली असती तर रडली असती, आमच्यानं निघवलं नसतं. यात मी कुणाला काय दोष देऊ. सगळेच असं करतात, मायेनंच करतात, मी माझ्या पोराला पाळणाघरात ठेवताना मागच्या दारानं निघून गेलेय.

इथं सगळ्यात अवघड निर्णय होता. माझ्या तोंडावर आलं होतं की भुरीला म्हणावं, रडू नको, याडी येणार आहे मार्चमध्ये. सरांनाही तेच बरोबर वाटत होतं. ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, खेळ तिचा आहे, त्यात तुमचं वाक्य घालू नका, जवळ बसा आणि हातातलं काम करा. मला ते निष्ठुर वाटलं, पण बसले. वह्या तपासत बसायचे. सहाव्या दिवशी तिनं माझ्याकडे न बघता खडूचा डबा माझ्या हातात दिला, म्हणजे आता ट्रक मी चालवायचा. मी विचारलं नाही कुठं न्यायचा, तिनं बोटानं दाखवलं. आणखी दोन दिवसांनी डबा येण्याच्या आधीच भुरी जागी झाली आणि डब्याला जाऊन चिकटली.

ते बघून मी बाथरूममध्ये जाऊन रडले, हे लिहायला हरकत नाही.

मग आईला सांगितलं की फोन रोज एकाच वेळेला करा, रविवारी उशिरा नाही तर रोज संध्याकाळी सातला, दोन मिनिटं का होईना. त्यांना कोपीवर चार्जिंगचा आणि रेंजचा त्रास होता तरी आठवड्यातून पाच दिवस जमवलं. जेवढा फरक भुरीनं पडला तेवढाच यानं पडला असं माझं मत आहे, आणि बाहुलीचं कौतुक करताना हे विसरता कामा नये.

माझी चूक

जानेवारीपर्यंत काजल भुरी हातात घालून दोन मैत्रिणींशी बोलत होती. स्वतःचं तोंड मिटलेलं, भुरीचं उघडायचं, आवाज बारीक. मी हरखून गेले होते. शाळा व्यवस्थापन समितीला 26 जानेवारीला काहीतरी दाखवायचं होतं आणि सरांनी सुचवलं, बाहुलीचा छोटा कार्यक्रम करा, काजलला काही बोलायचं नाही, नुसतं भुरीला धरून उभं राहायचं. मी हो म्हटलं. मीच म्हटलं, सरांवर ढकलत नाही. मला वाटत होतं तांड्याला दिसू दे पोर किती पुढं आली.

मैदान, माइक, दीडशे माणसं. मी भुरीची ओळख करून दिली तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरच्या एका पाहुण्यांनी प्रेमानं म्हटलं, "बोल की बेटा, काहीतरी बोल." सगळे टाळ्या वाजवायला लागले. काजलनं भुरी हातातून काढली, खाली ठेवली आणि आजीकडे चालत गेली.

चार दिवस शाळेत आली नाही. आल्यावर भुरीला हात लावेना. जी जागा तिच्या एकटीची होती ती मी सगळ्या गावाला उघडून दाखवली होती.

आता काय? मला सुचलं की भुरीनंच माफी मागावी, कानात कुजबुजून. तिथं मी थांबले ते बरं झालं. चूक खारीची नव्हती, माझी होती, आणि मोठ्या माणसानं बाहुलीच्या आड लपून माफी मागितली तर त्या पोरीनं पुढं बाहुलीवर आणि माझ्यावर, दोघींवर विश्वास कसा ठेवावा? मी भुरी पिशवीत ठेवली आणि शाळा सुटल्यावर काजलच्या शेजारी बसून माझ्या तोंडानं सांगितलं, तुला न विचारता मी तुला तिथं उभं केलं, माझं चुकलं, आता असं करणार नाही. ती काही बोलली नाही. मीही उत्तराची वाट बघितली नाही.

आजीची खार

तीन आठवडे काहीच हललं नाही. मग 15 फेब्रुवारीला तांड्यात संत सेवालाल महाराजांची जयंती झाली आणि त्यानंतर आजी एक दिवस काजलला सोडायला आली तेव्हा तिच्या हातात दुसरी खार होती. स्वतः शिवलेली. जुन्या फेटियाच्या, म्हणजे बंजारा बायकांच्या घागऱ्याच्या, कापडाची, पाठीवर पट्ट्यांच्या जागी तीन आरसे टाचलेले, गळ्यात एक कवडी. माझ्या भुरीपेक्षा शंभर पटीनं देखणी. ज्या बाईनं बाहुली फडक्यात गुंडाळून परत आणली होती तिनं ही केली होती, नातीशी बोलत बोलत, दोघींनी मिळून.

काजलनं नवी खार पिशवीत भुरीच्या शेजारी ठेवली. भुरीला आई मिळाली असं पोरांचं म्हणणं. काजलनं मात्र तसं कधी म्हटलं नाही, त्यामुळं मीही म्हणत नाही.

पुढं आम्ही बाहुल्यांचा वार केला, मंगळवार, ज्याला पाहिजे त्यानं घरून मोजा, फडकं, बिया, बटणं आणायची आणि आपापली करायची. काजल गर्दीतली एक झाली, बघण्यासारखी गोष्ट राहिली नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती हजेरीला भुरीशिवाय 'हजर' म्हणाली. मी पुढचं नाव घेतलं.

निकाल काय लागला

मार्चअखेर वाचनाची तपासणी होती. निपुण भारत हे लहान पोरांच्या वाचन-गणिताचं सरकारी अभियान 2021 पासून आहे, त्यात पोरानं मोठ्यानं वाचून दाखवायचं असतं आणि बाहेरून आलेल्या माणसासमोर काजलचा आवाज निघणार नाही हे मला माहीत होतं. खालचा स्तर नोंदवायचा की काय? मी अधिकाऱ्यांना आधीच भेटून सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि ते वर्गाबाहेर खिडकीपाशी उभे राहिले, आत काजलनं आजीच्या खारीला उतारा वाचून दाखवला. अडखळत, पण सगळा.

आईबाप एप्रिलमध्ये आले. ती आता वर्गात बोलते, माझ्याशी बोलते, सरांशी गरजेपुरतं. अनोळखी माणूस आला की अजून गप्प होते. ताईंकडे वर्षात पाच वेळा गेलो. पुढच्या हंगामाला निघताना ट्रक पहाटे चारला आला आणि आईनं तिला उठवलं. ती रडली, खूप रडली असं आजी सांगते. फेटियाची खार आई घेऊन गेली आणि भुरी घरी राहिली. त्या वर्षी ती शाळेत तीन दिवस गप्प होती, सहा आठवडे नाही.

परत करायचं झालं तर

घरच्यांना बाहुली बनवण्याआधी विचारेन, पाठवल्यावर नाही. आजीला पहिल्या दिवसापासून बनवायला बसवेन, कारण शिवणारी तीच होती आणि भाषाही तिचीच होती. कार्यक्रमाला नाही म्हणेन. ताईंकडे तिसऱ्या आठवड्यात नाही तर पहिल्या-दुसऱ्यात फोन करेन, फोनला तर बसभाडं लागत नाही. आणि निघायच्या आधी, सप्टेंबरमध्येच, सगळ्या ऊसतोड पालकांना बोलवून सांगेन की पोरं झोपेत असताना जाऊ नका. हे आता आम्ही दर वर्षी करतो, काहींना पटतं, काहींना त्या वेळी धीर होत नाही.

आणखी एक राहिलं. तात्या विंचू करणारं ते तिसरीतलं पोरगं. त्याच्या हातात कुठलीही बाहुली दिली की ती दुसऱ्याला चावायची, मारायची, म्हणून मी दोन मंगळवारांनंतर त्याच्या हातातून बाहुली काढून घेतली आणि त्याला फळा पुसायला लावलं. सगळी पोरं पहिल्यांदा बाहुली हातात आली की थोडी मारामारी करतातच, हे मला माहीत होतं, पण त्याची थांबत नव्हती. त्याचे आईबाप सलग तीन हंगाम बाहेर होते, वसतिगृहाच्या यादीत त्याचं नाव माझ्याच हातानं लिहिलेलं होतं, आणि गप्प बसणारी पोर मला दिसली तशी चावणारी बाहुली दिसली नाही. पुढं एकदा तो मधल्या सुट्टीत माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला आणि पिशवी मागितली. दिली, आणि या वेळी मी वह्या घेऊन तिथंच बसले.